ग्राउंडच्या बारा आठवडे आधी नडगीचं हाड: पोलीस भरतीच्या एका उमेदवाराचं प्रकरण

२०२४ मध्ये पोलीस भरतीचे अर्ज ५ मार्चपासून सुरू झाले. पाठोपाठ लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मैदानी चाचणी कधी होणार हे कोणालाच सांगता येईना. "ग्राउंड एप्रिलातच आहे", "नाही, निकालानंतर", असे मेसेज पोरांच्या मोबाइलवर रोज फिरत होते. शेवटी चाचणी १९ जूनला सुरू झाली. मधल्या काळात नडगी धरून आलेल्या मुलामुलींपैकी एकीचं प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून घरचे आणि गावचे काही तपशील बदलले आहेत.

मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या दुखापतींवर आता मराठीत बरंच लिहिलं जातं. पहाटे हायवेच्या कडेने पळणाऱ्या भरतीच्या पोरांवर मात्र फारसं कोणी लिहीत नाही. त्यांच्या हाडांवर येणारा ताण मॅरेथॉनवाल्यांपेक्षा कमी नसतो, आणि तो वाढतो फार कमी दिवसांत.

मुलगी २१ वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. डिसेंबरात वजन ५० होतं. वडिलांची कोरडवाहू शेती, मोठा भाऊ एमआयडीसीत. फेब्रुवारीपर्यंत ती गावातल्या शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन दिवस पळायची. अर्ज निघाल्याबरोबर घरच्यांनी पैसे उभे केले आणि ६ मार्चला तिला निवासी अकॅडमीत घातलं. धुळवडीच्या सुमाराला, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात, डावी नडगी दुखू लागली. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, मग जिना उतरताना. अकॅडमीतल्या मुली याला 'शिन पेन' म्हणतात आणि ते सगळ्यांनाच होतं असं धरून चालतात. तिने तेल लावून पाय चोळून घेतला, वर क्रेप बँडेज करकचून बांधलं, गावातल्या डॉक्टरांकडून दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेतलं आणि पळत राहिली. इंजेक्शनच्या दिवशी तिने ८०० मीटरचं टायमिंगही काढलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, भाऊ तिला मोटरसायकलवरून घेऊन आला तेव्हा ती लंगडत होती.

तपासणीत पहिली गोष्ट पाहायची ती दुखण्याची लांबी. साध्या शिन पेनमध्ये नडगीच्या आतल्या कडेला पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लांबीचा पट्टा दुखतो. बोट फिरवत गेलं की "इथून इथपर्यंत" असं उत्तर येतं. हिच्या बाबतीत घोट्याच्या वर सुमारे एक वीत अंतरावर, अंगठ्याच्या पेराएवढी एकच जागा होती. तिथे दाबताच तिने पाय ओढून घेतला. वर-खाली दोन बोटं सरकलं तर काही नाही. एका पायावर उडी मारायला सांगितलं, तर उजव्यावर सहज मारली, डाव्यावर तिने गुडघा वाकवला आणि म्हणाली, "मॅडम, नाही जमायचं." रात्री कूस बदलताना ठणका लागतो, हेही तिने सांगितलं. पोटरी मऊ होती, सूज फारशी नव्हती, बोटांत मुंग्या नव्हत्या. एवढ्यावरून संशय हाडावर जातो.

एक्स-रे स्वच्छ आला. या टप्प्यावर तो बहुतेक वेळा स्वच्छच येतो, कारण हाडात नवं भरण होऊन ते चित्रात दिसायला दोन-तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. "एक्स-रेत काही नाही, पळ" असं सांगून पाठवलेली मुलं नंतर पूर्ण तडा घेऊन येतात. एमआरआयसाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागणार होतं आणि खर्च घरच्यांच्या दृष्टीने मोठा होता. दुखणारी जागा नडगीच्या आतल्या-मागच्या कडेला होती. ती जागा बऱ्यापैकी भरवशाने भरून येते, त्यामुळे एमआरआय न करता हाडाला इजा आहे असंच धरून चालणं शक्य होतं. दुखणं नडगीच्या समोरच्या धारेवर असतं, किंवा जांघेत असतं, तर खर्चाचा विचार बाजूला ठेवायला सांगितलं असतं. समोरच्या धारेचा तडा आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा तडा दोन्ही धोक्याचे. इथे एमआरआय केला तो वेळापत्रकासाठी. ग्राउंड एप्रिलात की जूनमध्ये हे माहीत नसताना इजा किती खोल आहे हे कळणं गरजेचं होतं. अस्थिरोगतज्ज्ञांनीही तेच सुचवलं. अहवालात हाडाच्या गाभ्यात ठळक सूज होती, तड्याची रेघ अजून उमटलेली नव्हती. चार पायऱ्यांच्या मोजमापात ही तिसरी पायरी.

मग वही काढून आम्ही मागचे सहा आठवडे लिहून काढले. दुखापत झालेल्या प्रत्येकाकडून मी हे करून घेते, कारण "जास्त पळाले" म्हणजे किती जास्त, हे आकड्यांतच दिसतं.

फेब्रुवारीत ती तीन दिवस, दिवसाला सुमारे ४ किलोमीटर, म्हणजे आठवड्याला १२ किलोमीटर पळायची. मेहनतीला दहापैकी किती, असं विचारलं तर पाच म्हणाली. मिनिटं गुणिले मेहनत हा हिशेब साधा आहे आणि उपयोगी आहे: ३० मिनिटं, पाच गुण, तीन दिवस, म्हणजे आठवड्याचे ४५०. अकॅडमीत पहिल्या दिवसापासून पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर ५ किलोमीटर, मग मैदानावर ४०० चे राउंड, बेडूकउड्या. संध्याकाळी गोळा आणि १०० मीटरच्या धावा. रविवारी देवीच्या डोंगरावर पायऱ्यांनी चढ-उतार. सकाळची ७५ मिनिटं सात मेहनतीची, संध्याकाळची ६० मिनिटं पाच मेहनतीची, असे सहा दिवस, आणि रविवारचा तास आठ मेहनतीचा. बेरीज ५४३०. आधीच्या आठवड्याच्या बारा पट. किलोमीटर १२ वरून सुमारे ४६.

पळताना एका किलोमीटरला एक पाय पाचशेहून थोडा जास्त वेळा जमिनीवर पडतो. म्हणजे आठवड्याला साधारण सव्वासहा हजार आदळ्यांची सवय असलेली नडगी एकदम चोवीस हजारांवर नेली. प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा जोर वजनाच्या दोन-अडीच पट असतो. पोटरीचे स्नायू हाडाला ओढतात तो ताण धरला, तर हाडावरचा एकूण दाब त्याहूनही कितीतरी जास्त.

दुखणं पहिल्या आठवड्यात न येता तिसऱ्यात आलं, यालाही कारण आहे. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरायला तीनेक आठवडे लागतात, भरून घट्ट व्हायला तीन महिने किंवा जास्त. रस्ता खणून ठेवलाय, डांबर पडायचंय आणि वरून ट्रक चालूच आहेत, अशी ही अवस्था असते. म्हणून 'काल काय केलं' यात या दुखण्याचं कारण सापडत नाही. ते तीन-चार आठवडे मागे असतं. स्नायू आणि दम मात्र दोन आठवड्यांत सुधारलेले जाणवतात, आणि नेमकं त्यामुळेच मुलीला आणि सरांना वाटत होतं की शरीराने सराव पेलला आहे.

सैन्यातल्या डॉक्टरांना हे खूप आधीपासून माहीत आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने लांब कवायतीनंतर सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. नवे रंगरूट, अचानक वाढलेली चाल, कमी झोप. आपल्या अकॅडम्यांत नेमकं तेच मिश्रण आहे.

झोपेबद्दल थांबून लिहायला हवं. अकॅडमीत रात्री अकरापर्यंत लेखीची तयारी आणि पहाटे चारला शिट्टी. म्हणजे पाच तास, तेही एका खोलीत बारा मुली. इस्रायलच्या सैन्याने पंचवीस वर्षं या तड्यांचा पाठपुरावा केला. बूट बदलून पाहिले, बरंच काही करून पाहिलं. रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली, तेव्हा प्रमाण साठ टक्क्यांहून जास्त खाली आलं. ज्या दोन गोष्टींना एक रुपया लागत नाही, त्यांनीच सर्वांत जास्त फरक पडला. बुटांसाठी कर्ज काढणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

दुसरी बाजू खाण्याची. पळायला हलकं वाटावं म्हणून तिने जानेवारीपासून भात सोडला होता आणि गुरुवार-शनिवार उपास धरले होते. पहाटे उपाशीपोटी सराव, नऊ वाजता पोहे, दुपारी भाजी-चपाती. दूध नाही. पाळीबद्दल विचारलं तेव्हा भावाला बाहेर बसायला सांगितलं. शेवटची पाळी जानेवारीच्या अखेरीस आली होती. तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिते: "थांबली ते बरंच झालं मॅडम, ग्राउंडच्या टायमाला टेन्शन नाही." असं वाटणाऱ्या मुली खूप आहेत. पाळी थांबणं ही शरीराने दिलेली खूण असते की खर्चाला पुरेल एवढं अन्न येत नाही; मग ते आधी पाळी बंद करतं आणि हाड भरण्याचं काम मागे टाकतं. गरोदरपण आणि थायरॉइड तपासून बाजूला काढले. रक्तात हिमोग्लोबिन १०.२, ड जीवनसत्त्व ११. दोन्ही कमी.

अमेरिकी नौदलात पाच हजारांहून जास्त महिला रंगरूटांवर एक चाचणी झाली होती, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात तडे सुमारे वीस टक्के कमी दिसले. फायदा आहे, पण बारा पट वाढलेला सराव गोळीने पेलत नाही. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. माझा आग्रह ताटावर होता: उठल्यावर केळं किंवा गूळ-शेंगदाणे, सरावानंतर लगेच नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, रोज दोन अंडी, रात्री पुन्हा भात. उपास ग्राउंड होईपर्यंत बंद. आईने यावर थोडी कुरकुर केली, मग स्वतःच म्हणाली, "तिचा उपास मी धरते."

आता मूळ प्रश्न. ८०० मीटरसाठी आठवड्याला ४६ किलोमीटर लागतातच का? मुलींना पूर्ण २० गुण २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत मिळतात आणि पुढच्या प्रत्येक दहा सेकंदांना दोन गुण जातात. म्हणजे ४०० चे दोन राउंड, प्रत्येकी ८५ सेकंदांत. तिचं फेब्रुवारीतलं टायमिंग ३:१६, म्हणजे १४ गुण. ही तीन मिनिटांची शर्यत आहे. दम लागतो, पण तो आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर आणि दोन वेगवान सत्रांतून येतो. बाकीचे वीस किलोमीटर फक्त नडगीवर पडत होते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं: ज्या ओझ्याने हाड गेलं, ते ओझं त्या परीक्षेला लागतच नव्हतं.

पुढचं नियोजन ग्राउंड जूनच्या आधी नाही असं धरून केलं. पहिले दोन आठवडे पळणं शून्य, लंगडणं थांबेपर्यंत कुबडी. दुखणं दाबणाऱ्या गोळ्या बंद. दुखतंय की नाही हेच आमचं मोजमाप होतं, ते झाकून चालणार नव्हतं. तिला शेततळ्यात पोहायचं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. प्लास्टिकच्या त्या उतारावरून वर येता येत नाही आणि दरवर्षी त्यात पोरं जातात. भावाची जुनी सायकल होती, ती बाहेर काढली. तिसऱ्या आठवड्यापासून सपाट रस्त्यावर ३० मिनिटं सायकल, मध्ये एक-एक मिनिट जोरात. गोळाफेकीचे १५ गुण असतात आणि त्याकडे मुली दुर्लक्ष करतात. म्हणून या काळात खुर्चीत बसून आणि मग दोन्ही पाय रोवून गोळा ढकलायचा सराव ठेवला. हाताची, कमरेची ताकद वाढली. पाय बसलेला असताना गुण वाढवायची सोय आहे हे कळलं आणि तिचं रडणं थांबलं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात रोज अर्धा तास चालणं, टाचा उचलायचे व्यायाम आधी दोन पायांवर, मग एकावर. सकाळी उठल्याबरोबर त्या जागेवर अंगठ्याने दाबून पाहायचं आणि वहीत शून्य ते दहा आकडा लिहायचा. स्नायूच्या दुखण्यात दोन-तीनचा आकडा चालवून घेता येतो. हाडाच्या दुखण्यात शून्यच हवा. मेच्या पहिल्या आठवड्यात एका लग्नात दिवसभर उभी राहिली, तर दुसऱ्या दिवशी वहीत तीन होता. आम्ही चार दिवस मागे गेलो.

२२ मेला, म्हणजे सहा आठवडे उलटल्यावर, दाबून दुखत नव्हतं, अर्धा तास चालून दुखत नव्हतं, एका पायावर दहा उड्या बसत होत्या. तेव्हा पळणं सुरू केलं: शाळेच्या मातीच्या मैदानावर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा, दिवसाआड. पावलं थोडी आखूड आणि भरभर टाकायला सांगितली, म्हणजे प्रत्येक पावलाचा धक्का कमी होतो. दोन आठवड्यांनी सलग २० मिनिटं. त्यानंतर १०० मीटरच्या सहा मोकळ्या धावा, मग २०० मीटर ४३ सेकंदांत, सहा वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती. बेडूकउड्या आणि डोंगर पूर्ण बंद. एका आठवड्यातलं सर्वांत जास्त पळणं २० किलोमीटरवर गेलं नाही.

आठवड्याला दहा टक्केच वाढवा, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये २००८ साली नव्या धावकांवर तो तपासला, तेव्हा सावकाश वाढवणारे आणि जलद वाढवणारे यांच्या दुखापतींत फरक निघाला नाही. २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावकांच्या घड्याळांतल्या नोंदी तपासणारा अभ्यास आला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी, मागच्या महिन्यातल्या सर्वांत लांब धावेपेक्षा बरंच जास्त पळणं जोखमीचं, असं त्यात दिसलं. या मुलीच्या वहीत हे उघड होतं. घरी चारच्या वर कधी न गेलेली मुलगी अकॅडमीत पहिल्याच सकाळी सातेक किलोमीटर पळाली होती. म्हणून टक्क्यांपेक्षा मी 'आजची धाव महिन्यातल्या सर्वांत मोठ्या धावेपेक्षा किती मोठी' हे आधी विचारते.

मेमध्ये अकॅडमीच्या सरांना भेटले. माजी सैनिक, पोरांवर जीव लावणारे, फी थकली तरी कोणाला काढत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "मॅडम, साठ पोरं आणि मी एकटा. शिट्टी एकच वाजणार." ते खोटं नाही. मी त्यांच्यापुढे मुलीची वही ठेवली आणि तीन गोष्टी मागितल्या. नव्याने आलेल्यांना पहिले चार आठवडे वेगळ्या रांगेत, घरी जेवढं पळत होते तेवढ्यापासून. डांबराऐवजी कॅनॉलकडेचा मातीचा रस्ता. आणि रात्री दहाला दिवे बंद. पहिल्या दोन त्यांनी नव्या बॅचसाठी मान्य केल्या. झोपेचं जमलं नाही, कारण लेखीचे तास बाहेरचे शिक्षक रात्रीच घेतात.

ग्राउंड जुलैच्या पहिल्या आठवड्यात झालं. इजा पूर्ण भरायला त्याहून जास्त वेळ लागतो, हे आम्ही तिला आणि वडिलांना आधीच सांगितलं होतं. दुखलं तर थांबायचं असं ठरलं होतं. पाऊस उघडला होता. ३:०४, म्हणजे १६ गुण, आणि गोळ्यात फेब्रुवारीपेक्षा चांगली फेक. मैदानीसाठी ५० पैकी निम्मे गुण लागतात, ते ओलांडून ती लेखीला गेली. तिसऱ्या दिवशी वहीत एकचा आकडा आला; दोन आठवडे पळणं बंद ठेवलं आणि तो शून्यावर आला. पाळी जूनच्या अखेरीस परत सुरू झाली होती. ऑगस्टमध्ये वजन ४९, ड जीवनसत्त्व ३१.

लेखीत ती मागे पडली, निवड झाली नाही. आता पुढच्या भरतीची तयारी गावीच चालू आहे. आठवड्याला चार दिवस, २० किलोमीटरच्या आसपास, दर चौथ्या आठवड्याला त्याच्या दोन तृतीयांश. जाहिरात निघाल्यावर वाढवायचं ते पाच-सहा किलोमीटरच, एवढं पळणं वर्षभर टिकवायचं. अकॅडमीत ती पुन्हा जाणार आहे, ग्राउंडआधीच्या शेवटच्या महिन्यात आणि वही बरोबर घेऊन. सरांशी तसं बोलून झालंय.